खाऱ्या हवेत आरसीसीच टिकाऊ कशी?

घरबांधणीवरच्या लेखात भारवाही भिंतींचं (म्हणजे छपराचा भार भिंतीच पेलतात असं) घर जुनाट आणि आरसीसी फ्रेमचं (सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचं) टिकाऊ, असं सरसकट म्हटलंय. कोकण किनाऱ्यावर हे अजिबात पटत नाही.

फ्रेममध्ये सगळा भार कॉलम-बीमवर (उभ्या खांबांवर आणि आडव्या तुळयांवर), भिंत नुसता आडोसा. म्हणजे घराचा जीव सळईत, आणि खाऱ्या हवेतलं क्लोराइड (मिठातला क्षार) नेमकं तिलाच गाठतं. गंजलेली सळई फुगते. आधी कॉलमच्या कोपऱ्याला बारीक उभी चीर, मग तांबूस ओघळ, शेवटी काँक्रीटचा पापुद्राच सुटतो. वरून प्लास्टर करून रंग मारला तरी आतला गंज चालूच राहतो. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, आयएस ४५६:२०००, उघड्या किनारी हवेसाठी किमान एम३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिमी आवरण सांगतं. आमच्याकडे गावातल्या बांधकामांवर घमेल्याने माल मोजतात आणि कव्हर ब्लॉकऐवजी (हे आवरण राखायला सळईखाली ठेवायच्या ठोकळ्याऐवजी) खडीचा तुकडा सारतात!

उलट जांभ्याच्या चिऱ्याच्या भारवाही भिंतीत गंजायला काही नाही. खाणीतून काढताना मऊ असलेला चिरा हवेवर टणक होतो. अर्थात त्यावर तीन मजले चढवू नयेत, आणि १९६७चा कोयनेचा भूकंप आठवून जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांचा माथा) आणि छपराच्या पातळीला भिंती एकत्र बांधून ठेवणारे आडवे पट्टे हवेतच. निसर्ग वादळात (३ जून २०२०) रायगड-रत्नागिरीत किती छपरं उडाली! वासे भिंतीला नीट जखडायलाच हवेत.

कन्फाइन्ड मेसनरीचा, म्हणजे आधी भिंत रचून मग तिच्या कडांना बारीक कॉलम ओतण्याच्या पद्धतीचा लेखात उल्लेखही नाही. एक-दोन मजल्यांसाठी तीही चांगली, फक्त त्या कॉलमांनाही आवरण पुरेसं द्यावं. लेखकांनी त्यावर जरूर लिहावं.