वारली चित्रं कुणी एकाने शोधलेली नाहीत
"वारली चित्रकला 1970 नंतर जिव्या सोमा मशेंनी शोधली" असा मेसेज फिरतोय, तो चुकीचाय. डहाणूकडच्या गंजाड गावच्या मशेंनी ती कागदावर आणली, जगभर नेली, 2011 ला पद्मश्री मिळाली, केवढं मोठं काम, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या सवाशिणी लग्नघराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढतायत. आणि ते डेकोरेशन नाही हो, चौकात पालघाट ही सुफलतेची देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे आमची पुरोहित बाई, गाणी गाऊन लग्न लावते. मी मुंबईत वाढले, लग्नानंतर डहाणूला मावशीकडे पहिल्यांदा तांदूळ वाटला, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आणि गेरूवर रेघ ओढली, हात नुसता थरथरत होता. मावशी म्हणाली, आधी देवी, मग बाकीचं. मेसेज फॉरवर्ड केलाय त्यांनी हेपण पाठवा प्लीज.