टेल कोरडा ठेवण्याची सुधारित शिफारस

धरण आहे, धरणात पाणी आहे, कालवा आहे, चारी आहे आणि चारीच्या शेवटी, म्हणजे टेलला, शेतकरीही आहे. इतकं सगळं जमून आलं की पाणी खरोखरच तिथपर्यंत पोचण्याचा धोका असतो. हा धोका टाळण्याचं तंत्र महाराष्ट्रात चांगलंच मुरलेलं आहे, पण ते एका जागी लिहिलेलं सापडत नाही. तुम्ही नवे शाखा अभियंता असा, कालवा सल्लागार समितीवर नुकतीच वर्णी लागलेले असा, की मंत्रालयात बसून अर्थसंकल्पाचे रकाने भरणारे असा, प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. म्हणून ही शिफारस. जमीन: कोणतीही. हंगाम: तिन्ही.

सुरुवात पाणी मोजण्यापासून करा, म्हणजे मोजायची सोय मोडण्यापासून. 2005 च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना घनमीटरवर मोजून पाणी द्यायचं ठरलं आणि चारीच्या तोंडाशी फ्लूम, म्हणजे पाणी मोजायचे अरुंद गळ्याचे सांचे, बसले. फ्लूम फोडू नका. फोडला की पंचनामा होतो, पेपरात फोटो येतो. त्यापेक्षा त्याच्या खालच्या अंगाला, पंधरा-वीस फुटांवर, चारीत चार दगड आणि एक ओलं गोणपाट टाका. पुढचं काम गवत आणि गाळ करतो. फ्लूमचं गणित साधं आहे: गळ्यातून पाणी मोकळं उसळी घेऊन खाली गेलं पाहिजे, तरच वरच्या पट्टीवरची उंची वाचून प्रवाह काढता येतो. खाली पाणी तुंबलं की वरची पातळीही फुगते. पट्टी चार-सहा सेंटिमीटर जास्त दाखवते आणि प्रत्यक्षात चारीत पाणी कमी जातं. म्हणजे संस्थेला पाणी कमी, बिल जास्त घनमीटरचं. एका गोणपाटात एवढा परतावा देणारी दुसरी योजना शासनाकडे नाही.

पट्टीवरचे आकडे पुसट झाले असतील तर रंगवू नका. वाचन दिवसातून ठरलेल्या वेळी घ्यायचं असतं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याची एक फेरी, संपल्यावर एकाच बैठकीत, एकाच पेनानं सगळे दिवस भरले तर अक्षर एकसारखं येतं आणि वही देखणी दिसते.

आता थोडं गणित, कारण गणिताशिवाय टेल कोरडा राहत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, चोवीस तासांत साधारण साडेचोवीस लाख लिटर. एकराला साडेसात सेंटिमीटरची पाळी दिली तर गळती सोडून हे पाणी आठ एकरांना पुरतं. हेडवाल्यांनी, म्हणजे चारीच्या तोंडाजवळच्यांनी, बांध फुटेस्तोवर पंधरा सेंटिमीटर भरलं की चार एकरांतच संपतं. आठ एकरांची शेजपाळी, म्हणजे एकामागून एक शेताला मिळणारी पाण्याची पाळी, चार एकरांत संपवायला ना जादा निधी लागतो, ना शासननिर्णय. फक्त पाटकऱ्याची, म्हणजे चारीची दारं उघडणाऱ्या-लावणाऱ्याची, जागा रिकामी ठेवा. पाटकरी निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, आणि एका कालवा निरीक्षकाकडे तिघांचं क्षेत्र येतं. तो दुचाकीवर दिवसभर फिरतो आणि संध्याकाळी दमून घरी जातो. रात्री हेडचे लोक झोपतात, दारं उघडीच राहतात, पाणी सरळ नाल्याला जातं. नाल्याला गेलेलं पाणी कुणाच्याच नावावर पडत नाही. नियम ‘टेल टू हेड’ असा आहे, म्हणजे शेवटच्या शेतापासून सुरुवात. हा नियम बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा. त्याचा तेवढाच उपयोग आहे.

कालव्याच्या काठावरच्या मंडळींसाठी वेगळी सोय आहे, तिला नगरकडे ‘डोंगळे’ म्हणतात. चार इंची काळा पाइप घ्यायचा, कालव्यात बुडवून पूर्ण भरून घ्यायचा, एक तोंड हातानं किंवा चिंधीनं दाबून भरावावरून पलीकडे न्यायचं, शेतात खाली सोडायचं आणि बोळा काढायचा. मोटार नको, वीज नको, आवाज नको. कालव्याची पातळी आणि शेत यांत मीटरभर फरक असेल तर एक डोंगळा सेकंदाला पंधरा लिटरच्या आसपास ओढतो. दोन डोंगळे म्हणजे एक चारी. आवर्तनाच्या काळात कालव्याकाठच्या पंपांची वीज तोडायचा आदेश तुम्ही काढालच, तो काढावा. गुरुत्वाकर्षण तोडायचा आदेश अजून कुणी काढलेला नाही. पथक आलं तर पाइप उचलून उसात ठेवायचा. पथकाची जीप कोणत्या पुलावर आहे हे गावाला आधी कळतं.

ऊस आला की थोडं थांबू या, इथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानं नोंदवून ठेवलंय की महाराष्ट्रात पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. घाबरू नका. हिशेब कागदावर करून पाहा: हेक्टरभर उसाला मोकळ्या पाटानं हंगामात दोन मीटर पाणी, म्हणजे वीस हजार घनमीटर. उतारा शंभर टन, साखर दहा टक्के, म्हणजे दहा टन. एक किलो साखरेला दोन हजार लिटर पाणी. हा कागद मग फाडून टाका. नाहीतर कुणीतरी ‘ठिबक’ म्हणेल.

खरं तर म्हटलंच. 2017 साली मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं आणि स्वस्त व्याजाचं कर्जही जाहीर केलं. सक्ती जरूर करा, फक्त आवर्तन वीस-एकवीस दिवसांनीच येईल याची काळजी घ्या. ठिबकला पाणी रोज लागतं किंवा दिवसाआड. उन्हाळ्यात एकराला रोजचे वीस हजार लिटर धरा. कालवा वीस दिवसांतून एकदा येतो. मधले एकोणीस दिवस ठिबकची नळी उन्हात तापते, उंदीर कुरतडतात, ड्रिपरच्या तोंडाशी क्षार बसतात. कालव्याचं पाणी गढूळ, म्हणजे सँड फिल्टर हवा आणि तो दर पाळीला उलटा धुवायला हवा. तो न घेता नुसता जाळीचा फिल्टर अनुदानात बसवून घ्या, पहिल्याच पाळीत चोंदतो. यावर उपाय आहे आणि तो सरकारकडेच आहे: 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं. त्यात सुमारे 2,196 घनमीटर मावतात, म्हणजे पाच एकर ठिबकला वीस दिवसांची बेगमी. आवर्तनात तळं भरा, पुढच्या आवर्तनापर्यंत ठिबक चालवा. हे दोन कागद कुणी एकत्र टाचणार नाही याकडे लक्ष ठेवा. ठिबक कृषी खात्याचं, कालवा जलसंपदाचा. दोन्ही खात्यांच्या टेबलांमध्ये चांगलं अंतर आहे, ते कमी होऊ देऊ नका.

शेततळं मात्र बांधाच. खाली 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा, कडा चरात दाबा आणि पावसाची वाट न पाहता बोअरनं भरून घ्या. भूजल कायद्यात खोलीची मर्यादा 60 मीटर आहे, म्हणजे 197 फूट. बोअरची गाडी रात्री येते आणि पावतीवर 195 लिहिते. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर उन्हात आणून ठेवलं की काठोकाठ भरलेल्या तळ्यातून एप्रिल-मेमध्ये दिवसाला सात हजार लिटर सहज उडून जातात. शेजाऱ्याची विहीर आटते ती वेगळी.

हे सगळं बिनबोभाट चालायचं तर संशोधनाचं तोंड वेळेवर बंद करावं लागतं. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. बंद करू नका, बंद केली की मोर्चे निघतात. पगार द्या आणि बाकीचं देऊ नका. पगारावर शास्त्रज्ञ हजर राहतो. संशोधन मात्र रोजंदारीच्या खुरपणीवर, डिझेलवर, प्रयोगशाळेतल्या रसायनावर आणि प्रक्षेत्राच्या विहिरीतल्या मोटारीवर चालतं. निवृत्त झालेल्याची जागा भरू नका. राहिलेल्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ द्या. ज्वारीचा पैदासकार वसतिगृहाचा रेक्टर झाला की वाण निघायचा धोका निम्म्यानं घटतो. एक वाण काढायला संकरापासून प्रसारित होईपर्यंत दहा-बारा वर्षं लागतात, तेव्हा प्रकल्प तीन वर्षांचेच मंजूर करा. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के असतात. केंद्राचे आलेले असताना राज्याचे 25 थांबवण्यात खरी कला आहे. रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, दिसू द्या. दिसते, पण निघत नाही. आणि निघालीच तर तीन दिवसांत खर्च दाखवायची असते, तेव्हा खुर्च्या आणि संगणक येतात. पेरणी जूनमध्ये झालेली असते.

पाण्याच्या प्रयोगाची तर फारशी चिंताच करू नका. किती पाळ्यांना किती उतारा येतो हे बघायचं तर एका प्लॉटला दोन पाळ्या, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला सहा अशी मांडणी करतात, प्रत्येकाच्या तीन-चार पुनरावृत्त्या. नेमकं तिसरं आवर्तन आलं नाही किंवा प्रक्षेत्राची मोटार जळाली की सगळ्या प्लॉटना आपोआप ‘पाण्याचा ताण’ हीच एक ट्रीटमेंट मिळते. बांध फुटून एका कोपऱ्यात पाणी गेलं तर आणखी उत्तम: सीव्ही, म्हणजे प्रयोगातल्या आकड्यांच्या विखुरण्याचं टक्केवारीतलं माप, 20 च्या वर जातो आणि ट्रायल बाद होते. त्यातूनही एखादा निष्कर्ष तगलाच, तर तो जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, जातो, तिथे चारही विद्यापीठांसमोर शब्दाशब्दाचा कीस पडतो आणि शिफारस मंजूर होते. मंजूर होऊ द्या. शिफारशीची अंमलबजावणी ही वेगळ्या खात्याची बाब आहे.

ज्वारीबद्दल एक काळजी. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. संरक्षित पाण्याची एक-दोन मोजकी पाळी मिळाली तर उतारा चांगला वाढतो. मोहोळला निवड पद्धतीनं काढलेली मालदांडी 35-1 अजून शेतकऱ्याच्या तोंडी आहे, आणि मागाहून फुले अनुराधा हलक्या जमिनीला, फुले सुचित्रा मध्यमला, फुले वसुधा भारीला अशी खोलीप्रमाणे विभागणीही करून झालेली आहे. म्हणजे कमी पाण्यात काय पिकवावं हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. हे फार लोकांना कळू न देण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बियाणं. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित, या साखळीतली एक कडी एक हंगाम चुकवा. वाण पुस्तिकेत राहतो आणि दुकानात मिळत नाही. उसाला ही अडचण येत नाही. कारखान्यांच्या वर्गणीवर त्याची स्वतंत्र संस्था पुण्याजवळच्या मांजरी गावात चालते, आणि बेणं शेजारच्या फडातून मिळतं. ज्वारीला कारखाना नाही, संचालक मंडळ नाही, गळीत हंगामाचा शुभारंभ नाही. मोळी टाकायला तिथे कोण येणार?

पैसा कुठे घालायचा, तर भिंतीत. विदर्भातला गोसीखुर्द धरण प्रकल्प 1983 साली 372 कोटींचा होता. पुढे सुप्रमावर सुप्रमा होत 18 हजार कोटींच्या पलीकडे गेला. सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हे या राज्यातलं सर्वांत कमी पाण्यावर येणारं पीक आहे. मुख्य भिंत आधी, कालवा मग, पोटचाऱ्या जमल्या तर. पोटचारीचं उद्घाटन होत नाही, तिच्यावर कोनशिला मावत नाही. पाणी साठलं की तेवढ्या हेक्टरांची ‘सिंचनक्षमता निर्माण झाली’ असं लिहावं. प्रत्यक्ष भिजलेले हेक्टर हा दुसरा रकाना आहे. तो भरताना जपा. 2011-12 च्या आर्थिक पाहणीत कुणीतरी तो खरा भरला, दशकभरात सिंचनाची टक्केवारी 17.8 वरून 17.9 झाल्याचं छापून आलं आणि लोक 70 हजार कोटींचा हिशेब मागू लागले. श्वेतपत्रिका काढावी लागली. नंतरच्या पाहण्यांत त्या जागी ‘उपलब्ध नाही’ येऊ लागलं, हा धडा घेण्यासारखा आहे.

नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी खाली मराठवाड्यातल्या जायकवाडीला पाणी सोडायचं झालं तर घाई नको. 15 ऑक्टोबरचा साठा बघायचा असा नियम आहे. 2023 मध्ये 8.6 टीएमसी सोडायचा आदेश 30 ऑक्टोबरला निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मधल्या दिवसांत मोर्चे दोन्हीकडे निघाले, पेरण्या एकाच बाजूच्या खोळंबल्या.

आता शेवटची आणि सगळ्यांत स्वस्त पायरी, नमुना नंबर 7. पाणी हवं तर शेतकऱ्यानं या अर्जावर मागणी करायची, मागची थकबाकी भरलेली हवी. टेलच्या शेतकऱ्याला मागच्या पाळीत पाणी मिळालेलं नसतं, पण पाणीपट्टी आकारलेली असते, कारण वही देखणी भरलेली होती. न मिळालेल्या पाण्याचे पैसे तो भरत नाही. थकबाकीदार झाल्यावर अर्ज करत नाही. अर्ज नाही म्हणजे मागणी नाही. मागणी नाही म्हणून पुढच्या हंगामाच्या नियोजनात त्या चारीचं क्षेत्र कमी धरावं, आवर्तन दोन दिवस आधी बंद करावं, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘लाभधारकांचा प्रतिसाद अल्प’ असं लिहावं. निळं पेन चालतं.