‘सही करा, पाप साहेबाच्या माथी’ हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ख्रिस्ती नोकरदारासाठी पाच नियम’ नावाचा फॉरवर्ड फिरतोय. इतके दिवस बोटाने वर सरकवून देत होतो. पण नुकतीच अकाउंट्सला लागलेल्या भाचीने ऐन मार्चअखेरीला तोच पाठवून ‘मामा, मग सही करू ना?’ असं विचारलं, तेव्हा गप्प बसणं जमेना.

नियम असे: साहेब देवाने नेमलेला आहे, तो सांगेल तिथे सही करा, पाप त्याच्या माथी. ऑफिसातल्या पूजेला फिरकू नका, प्रसादाला शिवू नका. कामाच्या वेळेत सहकाऱ्यांना सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगणं हा राज्यघटनेच्या कलम २५ चा हक्क, कोणी अडवू शकत नाही. दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा भाग, ग्रॉस पगारावर द्या, वर्षात बढती. रविवारी ड्युटी नाकारा, कायदा तुमच्या बाजूने आहे.

पहिला नियम सर्वांत घातक, म्हणून आधी तोच. पुरावा म्हणून रोम १३ (बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय) दिलंय. तो अध्याय सरकारबद्दल आहे; सहावं-सातवं वचन वाचलं तरी कळतं, तिथे कर भरायला सांगितलंय. फॉरवर्डवाल्याला बहुधा इफिस ६:५ हवं होतं. ते दासांना लिहिलंय, आणि चारच वचनांनंतर ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल धन्यांकडे वळून सांगतो की तुमचाही धनी स्वर्गात आहे. चाकराचं पाप धन्याच्या खात्यावर जमा होतं, असं तिथे कुठेही नाही.

उलट बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा पहिला अध्याय उघडा. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी. त्यांना हुकूम देणारा कोणी मॅनेजर नव्हे, खुद्द फारो: इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मुलं जिवंत ठेवली. देवाने त्यांचं कल्याण केलं, हेही तिथेच लिहिलंय. पवित्र शास्त्रात कामावरचा हुकूम मोडल्याचा इतका स्वच्छ दाखला पहिल्याच पानांवर असताना हा नियम लिहिणाऱ्याने काय वाचलं, देव जाणे.

आता व्यवहाराचं. मार्चअखेरीला येणारी ‘सही’ म्हणजे बहुधा माल न आलेलं बिल. माल न देता बिल फाडणं आणि त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट घेणं हा केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खालचा गुन्हा आहे. रक्कम ५ कोटींच्या वर गेली तर ५ वर्षांपर्यंत कैद. ‘साहेबांनी सांगितलं’ हे तपास अधिकारी लिहून घेतो, पण तेवढ्यावर सोडत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा आहे. तारीख मागची टाकली तरी नोंद कधी झाली, कोणी बदलली, ते त्यात राहतं. पाप साहेबाच्या माथी असेल, लॉगमध्ये युजर आयडी तुमचा असतो.

मग करायचं काय? चारचौघांत ‘मी ख्रिस्ती आहे, खोटं करणार नाही’ असं बाणेदार भाषण नको. पर्चेस ऑर्डर, जीआरएन (माल मिळाल्याची पावती) आणि बिल, तिन्ही जुळवून पाहा. जीआरएन नसेल तर मेल करा: ‘या बिलाचा जीआरएन मिळाला नाही, कृपया पाठवावा. तोवर बिल पेंडिंग ठेवत आहे.’ मेलमध्ये वचन टाकू नका, साहेबाला जीआरएन पुरे. अर्धी प्रकरणं इथेच मरतात, कारण लेखी उत्तर कोणालाच द्यायचं नसतं. तरी रेटा आला तर त्याच्या वरच्याकडे जा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत तक्रारीची अंतर्गत व्यवस्था असणं कायद्याने बंधनकारक आहे. पासवर्ड कोणाला देऊ नका. कंपनीचे कागद घरी नेऊ नका, नाहीतर चोर तुम्हीच ठरता. आणि हो, इतकं करून नोकरी जाऊ शकते. फॉरवर्डमध्ये हे नाही, म्हणून इथे लिहितो.

लाच पोचवायला पाठवलं तरी तेच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार, ७ वर्षांपर्यंत कैद. बळजबरीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं.

पूजेच्या नियमात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, असं पौल १ करिंथ १०:२८ मध्ये म्हणतोच. प्रसाद न घेणाऱ्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण त्याच्या जरा वर, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, हेही आहे. आणि ‘फिरकू नका’ म्हणणाऱ्यांनी २ राजे ५ वाचावं. नामान सेनापती अलीशाला म्हणतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. संदेष्टा फक्त ‘शांतीने जा’ म्हणतो. खंडेनवमीला मशिन पुसणं, ग्रीस काढणं, शॉपफ्लोर झाडणं हे काम आहे, ते करा. आरतीला मागे उभे राहा. प्रसाद आला तर हात जोडून ‘मी घेत नाही, राग मानू नका’ एवढं बास. घेऊन मग कचऱ्याच्या डब्यात टाकणं मात्र सर्वांत वाईट. ते कोणीतरी बघतंच.

कलम २५ ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांच्या अधीन राहून होते, आणि तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, खासगी कंपनीविरुद्ध नव्हे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रचार म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं स्पष्ट केलं. पौल स्वतः तंबू शिवायचा. इफिसात तो तुरन्नाच्या पाठशाळेत शिकवत असे. काही जुन्या हस्तलिखितांत त्याची वेळही आहे, पाचव्या ते दहाव्या तासापर्यंत, म्हणजे साधारण ११ ते ४, लोकांच्या विश्रांतीची. तेव्हा चहाला, जेवणाच्या सुट्टीत, कोणी विचारलं तर बोला. नको म्हटलं की थांबा. ज्याचं अप्रेझल तुम्ही लिहिता त्याला तर आपणहून कधीच नाही. आणि हँडबिलं ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नका.

दशांश आणि बढती: मलाखी ३:१० मध्ये भांडारात अन्न असावं असं आहे. अप्रेझलचा उल्लेख मला सापडला नाही.

रविवारचं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला एक सुट्टी देतो, ती रविवारीच हवी असं म्हणत नाही. गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला तो नारायण मेघाजी लोखंड्यांनी, १८९० मध्ये, आणि तोही खंडोबाचा वार म्हणून! मागायचा असेल तर बायबलमधल्या दानीएलासारखा मागा: राजाचं अन्न नको होतं, तर त्याने आधी वरिष्ठाला नम्रपणे विचारलं, मग कारभाऱ्याला म्हटलं, १० दिवस करून बघा, नंतर तुम्हीच ठरवा. ‘रविवार सकाळ द्या, बदल्यात शनिवारची रात्रपाळी घेतो, महिनाभर बघा’ ही मागणी रोस्टर लावणाऱ्याला परवडते. आणि उत्तम शुक्रवार त्या कायद्यातल्या ठरलेल्या सुट्ट्यांत नाही. वर्षाच्या ८ पगारी सुट्ट्यांपैकी ४ ठरलेल्या, उरलेल्या ४ मालक आणि कामगार मिळून ठरवतात. तेव्हा यादी होते त्याच वेळी बोला, आदल्या गुरुवारी नव्हे.