"तिकडं असं झालं नसतं" म्हणणाऱ्यांसाठी

शाळेच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ते पण ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हापासून विषय निघाला की कुणीतरी टाकतोच, "आपल्याकडं हेच व्हायचं, युरोपात असं झालं नसतं." वाचलं की माझं टाळकं सरकतं. मी शिकायला इटलीत पादोव्हात राहतो, इथून व्हेनिस रेजिओनालेनं, म्हणजे इथल्या साध्या लोकल गाडीनं, अर्ध्या तासावर, आणि तिथं हेच झालंय. एकदा नव्हे, दोनदा.

तेआत्रो ला फेनिचे, व्हेनिसचं ऑपेराचं थिएटर. १७९२ ला उघडलं, १८३६ ला जळालं, लगेच परत बांधलं, आणि २९ जानेवारी १९९६ ला परत राख, फक्त बाहेरच्या भिंती उरल्या. का, तर आत वायरिंगचं काम घेतलेल्या नात्यातल्या दोघा भावांनी काम लांबलं, आता दंड बसणार म्हणून स्वतःच पेटवलं, कोर्टात सिद्ध झालंय. त्यात शेजारचे कालवे साफसफाईसाठी कोरडे केलेले, म्हणजे अख्खं गाव पाण्यात आणि बंबाच्या बोटी जवळ जाईनात, शेवटी हेलिकॉप्टरनं पाणी ओतलं. हे कोल्हापुरात झालं असतं तर आपण काय काय बोललो असतो सांगा. पुढं बांधकामाचं कंत्राट कोर्टानं रद्द केलं, दुसऱ्याला दिलं, त्यालाही काढलं, आणि डिसेंबर २००३ ला दार उघडलं. जवळजवळ आठ वर्षं!

मी जाऊन बघून आलो. जुने फोटो आणि आत शूटिंग झालेल्या एका जुन्या सिनेमातली दृश्यं बघून सगळं जसंच्या तसं केलंय. बॉक्सच्या कठड्यावर हात ठेवला तर खालची सोनेरी वेलबुट्टी कोरी करकरीत, कुठं टवका नाही, कुणाच्या कोपरानं झिजलेली जागा नाही. सोबतचा जर्मन वर्गमित्र म्हणाला, मग हे खोटंच की. मला उगाचच राग आला. सान मार्कोचा घंटामनोरा १९०२ ला कोसळला, १९१२ ला होता तसा उभा केला, आणि लोक त्याचे फोटो काढताना विचारतात का खरा की खोटा? त्याच १९०२ ला शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेलेले, युरोप बघून आले, आणि रोमचा आखाडा डोक्यात ठेवून त्यांनी खासबाग कुस्तीचं मैदान बांधलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. शेजारी १९१५ ला पॅलेस थिएटर, तेच हे केशवराव. म्हणजे उसनं घ्यायला आपले महाराज पण लाजले नाहीत, आपण कशाला लाजायचं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, कारण दुसरी पार्टी म्हणत होती की सगळं काढून मल्टिप्लेक्ससारखं करा, खाली पार्किंग द्या. मी लिहिलं, होतं तसंच, होतं तिथंच पाहिजे. तर मिरजकर तिकटीला राहणारा आमचा एक मित्र लिहितो, "तू तिथं शेवटचं नाटक कधी बघितलास?"

आता काय सांगू. स्नेहसंमेलनात मावळा होतो, लावलेली मिशी घामानं ओठात येत होती, तेवढं आठवतं. पुढं कॉलेजात खाऊगल्लीला भेळ खायला रोज जायचो, आत नाही. हा गडी राज्य नाट्य स्पर्धेला गाडी कुठं लावू म्हणत चकरा मारायचा, आणि मी दिवाळीला येणार, एक फोटो काढणार, आणि मला सगळं जागच्या जागी पाहिजे. एरवी गाव बदललं की आम्ही परदेशातले पहिले कुरकुरतो, आमचा तिथला मुक्काम तेवढाच शिल्लक असतो ना.

तरी मत तेच आहे. केशवरावांनी जुलै १९२१ ला बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान, म्हणजे दोघांच्या नाटक कंपन्यांचा मिळून एक प्रयोग, केला आणि ऑक्टोबरात ते गेले, अवघ्या ३१ व्या वर्षी. त्या नावाची पाटी काचेच्या बिल्डिंगवर नको. पार्किंगचं त्याचं म्हणणं मात्र मान्य, आणि बाथरूम तेवढी होती तशी बांधू नका म्हणजे झालं.