चिमूटभर डिस्प्रोसियम आणि दुप्पट ताकद?

चीनने एप्रिल २०२५मध्ये डिस्प्रोसियमसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ) निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून एक मजकूर फिरतोय: 'निओडिमियमच्या चुंबकात चिमूटभर डिस्प्रोसियम टाकलं की ताकद दुप्पट. जितकं जास्त, तितकं जबरदस्त. ते नसेल तर इलेक्ट्रिक गाडीची मोटर बनूच शकत नाही.' तीन वाक्यं, तिन्हींत गफलत.

आधी ताकद. डिस्प्रोसियमने चुंबकाची ओढ वाढत नाही, घटते. निओडिमियमच्या अणूचं चुंबकत्व लोहाच्या दिशेने उभं राहतं, डिस्प्रोसियमचं बरोब्बर उलट. निओडिमियम-लोह-बोरॉन संयुगाचं संपृक्त चुंबकन, म्हणजे त्याला गाठता येणारं जास्तीत जास्त चुंबकत्व, सुमारे १.६ टेस्ला; निओडिमियमच्या जागी सगळं डिस्प्रोसियम बसवलं तर उरतं ०.७च्या आसपास. वाढतो तो चुंबकाचा हट्ट, म्हणजे कोअर्सिव्हिटी: उलट क्षेत्र आलं तरी दिशा न सोडणं. मोटर दीडशे अंशांवर तापते तेव्हा हाच हट्ट कामी येतो. सगळं डिस्प्रोसियम बसवलं तर स्फटिकाचं अनायसोट्रॉपी क्षेत्र, म्हणजे चुंबकत्वाला त्याच्या आवडत्या दिशेवरून वळवायला लागणारं क्षेत्र, मात्र खरोखर सुमारे दुप्पट होतं. 'दुप्पट' बहुधा तिथूनच उचललं असावं.

'चिमूटभर' हा शब्द सिलिकॉनच्या डोपिंगमधून, म्हणजे चिपसाठी त्यात अत्यल्प भेसळ करण्यातून, आलेला दिसतो. इथे प्रमाण वजनाच्या काही टक्क्यांत असतं. खरी चिमूट असते तांब्याची, एक टक्क्याहूनही कमी, आणि तिच्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

'जितकं जास्त तितकं' हे सगळ्यात चुकीचं. सिंटर केलेला, म्हणजे भुकटी दाबून-तापवून घट्ट केलेला, चुंबक म्हणजे काही मायक्रॉनच्या कणांची दाटी. त्याची प्रत्यक्ष कोअर्सिव्हिटी अनायसोट्रॉपी क्षेत्राच्या हिशेबाने जेवढी असायला हवी, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा भरते. कारण चुंबकत्व उलटायला सुरुवात होते कणाच्या कडेला, आणि कण एकमेकांना चिकटलेले असले तर ते शेजाऱ्यालाही ओढून नेतं. इथे तांबं कामी येतं. ते कणाच्या आत फारसं शिरतच नाही. ते कणांमधल्या निओडिमियमने समृद्ध थरात राहतं. पाचशे अंशांच्या आसपास तापवलं की तो थर वितळून कणांभोवती नीट पसरतो आणि त्यांना वेगळं करतो.

मग डिस्प्रोसियम वितळवतानाच सगळीकडे कशाला मिसळायचं? कुंपण बांधावर घालतात, पिकाच्या मधोमध नाही. हल्ली तयार चुंबकाच्या पृष्ठभागावर ते लावून नऊशे अंशांच्या सुमारास तापवतात. ते कणसीमांवरून आत झिरपतं आणि प्रत्येक कणाभोवती पातळ कवच तयार करतं. गाभा निओडिमियमचाच राहतो, म्हणून ओढ फारशी घटत नाही आणि डिस्प्रोसियमही कमी लागतं. भेसळ किती, यापेक्षा ती कुठे बसली हा प्रश्न मोठा.

बरं, 'डिस्प्रोसियमने क्यूरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान) वाढतं म्हणून चुंबक उष्णता सोसतो' असंही वाचलं. दोन्ही संयुगांच्या क्यूरी तापमानांत फरक जेमतेम दहा-पंधरा अंशांचा. ते काम कोबाल्टचं.

उरली मोटर. होंडा आणि दायदो स्टील यांनी २०१६मध्ये डिस्प्रोसियमसारखी जड दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं अजिबात न वापरलेला चुंबक हायब्रिड गाडीच्या मोटरसाठी जाहीर केला. कण अतिसूक्ष्म ठेवून हट्ट मिळवला होता. रेनॉच्या झोई गाडीच्या मोटरमध्ये तर कायमचुंबकच नाही. २०२५मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोला चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं, ही अडचण खरीच. पण तिथे अडले होते ते चीनहून येणारे तयार चुंबक.