एलिमिनेशन मोड

आज सकाळी उठल्या उठल्या मेल. 'अमुक गेमची सेवा आम्ही कायमची बंद करत आहोत, आजवरच्या साथीबद्दल आभार.' सेवा म्हणे! अरे पूर्ण पैसे मोजून विकत घेतला होता मी तो गेम. ताई आणि मी दोन वेगळ्या शहरांत राहतो, चार वर्षं दर रविवारी रात्री ऑनलाइन भेटून खेळायचो, एक अख्खं गाव उभं केलं होतं त्यात, तिचं घर नदीच्या अलीकडे माझं पलीकडे आणि मधला पूल बांधण्यातच तीन महिने गेले होते. आता काय तर 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही'. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

आणि गंमत म्हणजे मला पहिल्यांदा कंपनीचा राग नाही आला, पहिल्यांदा आठवलं की लहानपणी ताईचं सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला तिथवरची नोंद, मीच उडवलं होतं.

घरात निन्टेन्डो होता, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल, आणि त्यात खोचायचं झेल्डा नावाच्या गेमचं कार्ट्रिज. सेव्ह ठेवायला तीन स्लॉट. पहिला ताईचा, दुसरा माझा आणि तिसऱ्यावरून कायम भांडण. ताईचा एक नियम होता, बंद करताना आधी रिसेट दाबून धरायचं आणि मगच पॉवरला हात लावायचा, कारण वीज जाता जाता मशीन मेमरीत काहीबाही लिहून बसतं आणि सेव्हची वाट लागते. गेमच्या पुस्तिकेतही हेच होतं, पण ताई ते अशा आवाजात सांगायची की जणू तिनेच शोधून काढलंय.

आताच्या मुलांना वाटतं सेव्ह म्हणजे काय, आपोआप होतं. अहो, आठवण ठेवणं ही गोष्ट या यंत्रांना किती उशिरा जमली! १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, राल्फ बेअरच्या डोक्यातून निघालेला, घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला कन्सोल, त्याला साधा स्कोअर ठेवता यायचा नाही. टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिक लावायचं आणि गुण कागदावर लिहायचे. अटारी कंपनीच्या १९७७ च्या कन्सोलमध्ये रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, किती, तर १२८ बाइट्स. बाइट्स, केबी पण नाही! हा एवढा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. आणि अटारी गेम लिहिणाऱ्याचं नावही कुठे छापायची नाही, म्हणून वॉरन रॉबिनेटने 'ॲडव्हेंचर'मध्ये एक गुप्त खोली केली आणि तिथे स्वतःचं नाव लपवून ठेवलं, वरच्यांना पत्ता नाही. आपली खूण कुठेतरी राहावी यासाठी माणूस काय काय करतो.

मग खेळ सोडला तिथून पुढे सुरू करायला पासवर्ड आले. मेट्रॉइड या गेमचा २४ अक्षरांचा, वहीत उतरवून घ्यायचा आणि शून्य आहे की ओ आहे यात चूक झाली की बोंबला. आणि १९८७ मध्ये झेल्डाच्या त्या कार्ट्रिजमध्ये एक गोल सेल बसवला, टीव्ही बंद, कन्सोल बंद, तरी तो एवढासा सेल ताईचं नाव धरून बसायचा. मला आजही ही भन्नाट गोष्ट वाटते.

ते नाव मी पुसलं. ताई आठव्या लेव्हलला पोचली होती आणि मला कंट्रोलर देत नव्हती, एवढंच कारण. ती आत गेल्यावर मेन्यूतल्या, सेव्ह पुसायच्या एलिमिनेशन मोडमध्ये गेलो (हो, हेच नाव होतं त्याचं), तिच्या नावावर आलो आणि बटण दाबलं. एका सेकंदाचं काम.

मेल लिहिणाऱ्यालाही तेवढाच वेळ लागला असेल.

मान्य, सर्व्हरला खर्च येतो. मान्य, सेलही कधीतरी मरतो आणि बदलायला गेलं तर सेव्ह सहसा जातं. पण जाता जाता ऑफलाइन चालेल असा एक शेवटचा अपडेट द्यायला काय धाड भरली होती? आणि विकताना बटणावर 'खरेदी करा' लिहिता ना, मग तिथेच लिहा की 'आमची मर्जी असेपर्यंत वापरा'. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळतच नाहीत, आणि तरी कुणी जपून ठेवले की हेच लोक त्याला चोर म्हणणार.

अटारीच्या ई.टी.चंच बघा. १९८२ चा गेम, पाचेक आठवड्यांत घाईघाईने उरकलेला, आजवरच्या सगळ्यात वाईट गेम्समध्ये नाव घेतात. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला, वर काँक्रीट ओतलं. २०१४ मध्ये खणलं तर कार्ट्रिजेस निघाली, एक तर अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसलंय! म्हणजे जगातला रद्दीतला रद्दी गेम तीस वर्षं कचऱ्यात राहून परत हातात येतो आणि आमचा पूल कुठे खणायचा सांगा ना.

असो. ताईने तेव्हा मारलं नव्हतं मला. दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी त्याच स्लॉटमध्ये तेच नाव टाकून पहिल्यापासून सुरू केलं आणि मला शेजारी बसवून चौकटीच्या वहीत नकाशे काढायला लावले. अख्खा गेम. कुठल्या भिंतीला बॉम्ब लावायचा, कुठलं झुडूप जाळायचं, सगळं. तो गेम मी खरा शिकलो तो या शिक्षेत.

दुपारी फोन केला तिला. मला वाटलं रडेल नाहीतर कंपनीला शिव्या घालेल. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "तू रिसेट दाबून धरलं नसशील."