मिसळीत कसलं आलंय सुख? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नाव न लिहिता नुसतं 'नौपाड्यातला जुना रहिवासी' एवढीच सही केलीत, म्हणून काका म्हणते. काकू असलात तर रागावू नका.

ठाण्यातल्या मन निववणाऱ्या खाण्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही तीन टोले हाणलेत. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या मिसळीत कसलं सुख? मेतकूट-भात खायला हॉटेलात जाणाऱ्या बाईच्या घरी मेतकुटाचा डबा नाही का? आणि ठाणं म्हणजे नौपाडाच का, चेंदणी कोळीवाड्यात कधी पाय ठेवलात का?

शेवटच्या टोल्याला मी आडवीच झाले. नव्हता ठेवला. इतकी वर्षं स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला गेले ती फक्त रिक्षा पकडायला.

पण मिसळीचं ऐका. मामलेदार मिसळ १९४६पासूनची, मामलेदार कचेरीच्या शेजारची. वडील गेले त्या वर्षी त्यांच्या कागदांच्या कामाने मी कचेरीत गेले होते. काम झालं, बाहेर आले आणि समोर दिसलं म्हणून आत जाऊन बसले. एरवी मी मीडियम घेते, त्या दिवशी 'तिखट' म्हणाले. दुसऱ्या घासाला डोळे वाहायला लागले आणि वाहतच राहिले. काका, मिसळीसमोर रडणाऱ्या बाईला कोणी काय झालं म्हणून विचारत नाही. शेजारच्याने फक्त ताक मागवा म्हणून सांगितलं. बरोबरच होतं त्याचं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी प्यायलं की आग नुसती तोंडभर फिरते. ताकातलं केसिन नावाचं प्रथिन मात्र तिला धरून घशाखाली नेतं. घरी तेरा दिवस सगळ्यांना चहा देत होते, तेव्हा रडायला सवड नव्हती. आता तुम्हीच सांगा, ते सुख नव्हतं तर काय होतं?

आता मेतकूट. डबा आहे हो घरी. हरभराडाळ, उडीदडाळ, तांदूळ, गहू कोरडे भाजून, त्यात सुंठ, मेथी, हळद, हिंग. आईचं प्रमाण, दळण माझं. पण मेतकूट काय, डब्यातून चमचाभर काढलं की झालं. मऊ भात कोणीतरी करावा लागतो, तूप कोणीतरी वाढावं लागतं. आमच्या घरात कोणीही आजारी पडलं की त्याला मऊ भात मिळतो, मला सोडून. मी आजारी पडले की पिझ्झा येतो. (प्रेमाने येतो, तक्रार नाही.) म्हणून ताप उतरल्यावर घंटाळीला 'मेतकूट' हॉटेलात जाऊन बसले आणि वाफाळता भात कोणीतरी माझ्यासमोर आणून ठेवला. 'घरच्यासारखं जेवण' हे शब्द तुम्ही प्रतिक्रियेत चार वेळा लिहिलेत. घरी ते कोण करतं, हे एकदाही नाही.

सगळीकडे असं झालं नाही, हेही खरं. एका ठिकाणी, नाव नको, वरणाला बेसन लावून दाट केलं होतं. ते मी लेखात गाळलं. गाळायला नको होतं.

तर गेल्या रविवारी पूर्वेला उतरले आणि रिक्षाच्या रांगेकडे न वळता चेंदणीत शिरले. खानावळ शोधत तासभर फिरले, मला सापडली नाही. शेवटी सुकी मासळी घेऊन बसलेल्या मावशींना विचारलं, "इथे बोंबलाचं कालवण नि तांदळाची भाकरी कुठे मिळेल?"

"घरी."

"कुणाच्या?"

"तुझ्याच. घेऊन जा आणि कर!"

अर्धा किलो बोंबील घेऊन आले. अजून डब्यातच आहेत, मेतकुटाच्या शेजारी, आणि डबा उघडला की अख्खं स्वयंपाकघर माझ्याकडे बघतं. तेव्हा काका, तिकडे करून वाढणारं कोणी ओळखीचं असेल तर विचारून ठेवा. बोंबील मी घेऊन येते.